काळा डबा

ब्याऐंशी साली कापूस एकदम फुटला आणि वडनेरची नववीतली धुरपता शाळा सोडून घरी बसली. आई मंदाबाई सकाळीच वेचणीला जाई. घरी म्हातारे आजोबा, बापूजी. त्यांना दुपारी वरणभात लागे, आणि चुलीपुढे बसणं आता त्यांच्यानं होत नसे.

शाळेत सुलोचनाबाई मुलांकडून सूर्यचुली करून घेत होत्या. खोक्यात खोकं, मध्ये दाबलेला डागी, न विकला जाणारा कवडी कापूस, वर काच, झाकणाला आरसा. रविवारी बाईंच्या घरी जाऊन जाऊन धुरपतानंही एक केली. ही चूल आपली आपण शिजवते, मग मी शाळेत का जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

"दाखव शिजवून," मंदाबाई म्हणाली. "पण डाळतांदूळ मीच ठेवीन. अन् तू माह्यासंगं वावरात चाल. नाई तं मागून चूल पेटवशील अन् मले उल्लू बनवशील."

"अन् शिजलं तं?"

"तं जाजो शाळेत. नाई शिजलं तं वेचणी सरेपर्यंत शाळेचं नाव काढाचं नाई."

रात्री धुरपतानं कंदिलाची काजळी जवसाच्या तेलात कालवली आणि जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा बाहेरून काळा केला. सकाळी ती विहिरीवरून आली तोवर आईनं डबा आत ठेवून खोकं बंद केलं होतं. ऊन वर आल्यावर आरशाचं झाकण उघडायचं आणि खोकं उन्हाकडे फिरवत राहायचं काम बापूजींचं.

वावरात तिचे हात बोंडांवर होते, लक्ष उन्हावर. आभाळ कसं लख्ख होतं. मंदाबाई त्या दिवशी लवकरच निघाली.

अंगणात बापूजी बाजेवर बसून कांदा आणि कालची भाकर खात होते. "डाळ दाताखाली कटकट वाजून राह्यली," ते म्हणाले. "म्या तं लय फिरवलं बाप्पा. सूर्यच आळशी हाये आज."

धुरपतानं डबा बाहेर काढला. डबा चांदीसारखा चकाकत होता.

"माय, हा घासला काऊन?"

"घासू नाई तं काय? एवढा काळाकुट्ट! अंगणात मांडला असता तं लोक म्हणाले असते, मंदीच्या घरी घासाले राखबी नाई का?"

 धुरपता आत गेली, चुलीचा काजळलेला तवा आणला, उन्हात पालथा टाकला. शेजारी घासलेली थाळी ठेवली. जरा वेळानं आईचा हात धरून आधी थाळीवर टेकवला, मग तव्यावर. मंदाबाईनं हात झटकन मागे घेतला.

"खोटी! तवा चुलीवरचा आणला तुनं."

"चूल पेटलीच कुठी?" बापूजी म्हणाले. "मले चहाबी नाई भेटला."

मंदाबाईनं पुन्हा एकदा थाळीवर आणि तव्यावर हात टेकवून पाहिला. मग तिनं स्वतःच कंदिलाची काच उतरवली.

"तेल किती घेऊ?" तिनं विचारलं. "अन् बाहेरूनच हं. आतून मले सोच्छ पाह्यजे."

"मंग उद्या पुन्हा वावरात येऊ?"

"उद्या शाळेत जा. घोळ म्या केला, तू काऊन भोगतं?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धुरपता घराशी आली, तेव्हा शेजारच्या अनुसयाबाईचा आवाज कुंपणाबाहेर ऐकू आला.

"काऊन वो मंदाबाई, पोरगी भांडे घासत नाई का?"

"त्या डब्याले हात नोको लावू. ते तसंच राह्यते. काळ्याले ऊन जास्त धरते."

"अन् शिजते?"

"पार गळून गेलती डाळ," बापूजी म्हणाले. "चावाले काई राह्यलंच नाई."

"पोरगी कुठी हाये?"

"शाळेत," मंदाबाई म्हणाली.

धुरपता कुंपणापाशीच थांबली. अनुसयाबाई आणखी काही विचारत होती, आणि उत्तरं आईच देत होती.