साम्य, भेद आणि भन्तेंचं जेवण

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात गंगेच्या खोऱ्यातल्या माणसाने यज्ञाच्या धुराकडे पाठ फिरवून स्वतःच्या आत डोकावून पाहिलं, आणि त्या एका नजरेने जगाचा इतिहास बदलला. परीक्षेत याला सात मार्क होते.

चंद्रप्रकाश मेस्त्री हे वाक्य मुलुंडच्या एका कॉलेजात चोवीस वर्षं सांगत आला होता. ‘बौद्ध आणि जैन धर्मांचा उगम व शिकवण यांची तुलना करा’ हा प्रश्न वर्षाआड येतो, हे मुलांना माहीत होतं, आणि मुलांना माहीत आहे हे पेपर काढणाऱ्यांना माहीत होतं. पाच साम्यं, पाच भेद आणि समारोपाला ‘दोन्ही धर्म आजही मानवजातीस मार्गदर्शक आहेत’ एवढं लिहिलं, की साडेपाच मार्क कुठे जात नसत. उरलेले दीड कोणाला मिळतात, हे चंद्रप्रकाशलाही माहीत नव्हतं.

आता प्रश्न होता, पण मुलं नव्हती. तिसऱ्या वर्षाला इतिहास घेतलेली अकराजणं होती आणि त्यातल्या निम्म्यांना दुसरं काही मिळालं नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष मार्तंडराव साटम यांच्या मनात इतिहासाचा वर्ग बंद करून तिथे लॉजिस्टिक्सचा कोर्स काढायचं होतं. लॉजिस्टिक्स म्हणजे माल ठरल्या जागी ठरल्या वेळेत पोचवण्याचं शास्त्र, एवढी चौकशी चंद्रप्रकाशने करून ठेवली होती.

“एक परिसंवाद घ्या,” मार्तंडराव त्याला म्हणाले होते. “दणक्यात झाला पाहिजे. पेपरात फोटो येऊ दे. मग बघू तुमच्या डिपार्टमेंटचं.”

चंद्रप्रकाशला एकच विषय असा येत होता की जो झोपेतही चुकला नसता. त्याने मानखुर्दच्या विहारातल्या वयोवृद्ध भन्ते शीलरत्नांना बोलावलं आणि मुलुंडमध्येच राहणाऱ्या श्वेताबेन छेडांना बोलावलं. श्वेताबेननी जैन साहित्यावर पीएच.डी. केली होती आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून अख्ख्या कमिटीला राजीनामा द्यायला लावला होता. भन्ते फोनवर फार बोलत नसत.

“जेवणाची काळजी माझी, भन्ते,” चंद्रप्रकाश म्हणाला. “मध्यान्हाच्या आत तुमचं पान वाढलेलं असेल. माझा शब्द.”

“बरं,” भन्ते म्हणाले.

अर्थशास्त्राचा नोएल गावठाणात राहायचा. तो माईक आणि खुर्च्या सांभाळणार होता. त्याला यातलं काही कळेना.

“मध्यान्हाच्या आत म्हणजे?”

“भिक्खू दुपार झाल्यावर जेवत नाहीत रे. नियम आहे त्यांचा. मी दर वर्षी शिकवतो, भेदातला चौथा मुद्दा.”

“आणि चुकलं जेवण, तर?”

“तर दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“मग आमचा लेंटचा उपवास बरा रे बाबा,” नोएल म्हणाला. “मासे तरी असतात.”

परिसंवाद फेब्रुवारीतल्या एका शनिवारी होता. इतिहासाच्या अकरा मुलांनी हॉल भरत नाही म्हणून कॉमर्सची दोन वर्षं हजेरीच्या बोलीवर आणून बसवली होती. पत्रिकेवर साडेनऊला मार्तंडरावांचं उद्घाटनपर भाषण होतं आणि साडेअकराला ‘सहभोजन’. फोटो सहभोजनाचा घ्यायचा होता. भन्ते आणि श्वेताबेन शेजारी शेजारी बसून जेवताहेत आणि मधे मार्तंडराव.

श्वेताबेन आल्या आल्या पत्रिका वाचून म्हणाल्या, “यात महावीर संस्थापक लिहिलंय. संस्थापक नाहीत ते, सर. चोविसावे तीर्थंकर. त्यांच्या आधी तेवीस झाले.”

“हो, पण सिलॅबसमध्ये संस्थापक आहे.”

“मग सिलॅबस चुकलाय.”

“तो बदलायला समिती लागते,” चंद्रप्रकाश म्हणाला. “तुम्ही चहा घेणार?”

“काहीच नाही. आज माझं पुरिमड्ढचं पच्चक्खाण आहे. मध्यान्ह होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. त्यानंतर जेवेन ना.”

चंद्रप्रकाश जागच्या जागी उभा राहिला. एक पाहुणे मध्यान्हानंतर जेवत नव्हते आणि दुसऱ्या मध्यान्हापूर्वी जेवत नव्हत्या. म्हणजे सहभोजन फक्त एका क्षणात उरकावं लागलं असतं, आणि त्या क्षणातही दोघांपैकी कोणी घास घेतला असता असं नाही. बुद्ध आणि महावीर एकाच काळात, एकाच मुलखात, पायी हिंडत असूनही त्यांची समोरासमोर भेट झाल्याचं कुठे सांगितलेलं नाही, हे तो मुलांना दर वर्षी नवल म्हणून सांगायचा. आता त्याला त्यात नवल वाटेना. कोणीतरी जेवणाची वेळ ठरवायला गेला असेल.

“फोटोचं बघू नंतर,” तो नोएलला म्हणाला. “भन्ते जेवले म्हणजे झालं.”

साडेनऊला मार्तंडराव जुहूला एका हॉटेलात नाश्त्याच्या मीटिंगमध्ये होते. दहाला निघाले होते. त्यानंतर तीनदा फोन झाला आणि तीनही वेळा ते पवईला होते. “मी येईपर्यंत कोणी उठायचं नाही हां,” ते म्हणाले, “पाच मिनिटांत पोचतोय.” त्यात भन्तेही वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आले. शेवटी चंद्रप्रकाशने नाइलाजाने वक्त्यांनाच बोलायला सांगितलं.

भन्तेंनी चष्मा काढला आणि म्हणाले, दुःख आहे. त्याला कारण आहे. कारण गेलं की दुःख जातं. ते जावं म्हणून चालायचा मार्ग आहे. मग थोडं त्या मार्गाविषयी बोलले. हिंदोळ्यासारखं भोगाकडेही जायचं नाही आणि देहाला जाळायचंही नाही. कॉमर्सच्या मुलांनी वह्या उघडेपर्यंत ते बसलेसुद्धा. श्वेताबेन कोरड्या घशाने उठल्या आणि देह जाळण्याचा टोमणा त्यांनी हसत परत केला. तप म्हणजे छळ नव्हे, कर्माची धूळ जिवाला चिकटते ती झाडायची तर हात दुखणारच, असं त्या म्हणाल्या. भन्ते सांगतात की आत्मा नावाची टिकाऊ वस्तू नाही. आम्ही म्हणतो की मुंगीलासुद्धा तिचा स्वतःचा आहे. पण एका बाजूने पाहून सगळं दिसलं असं आम्ही म्हणत नाही, त्यामुळे भन्तेंचंही बरोबर असेल. यावर भन्ते प्रथमच मोकळं हसले.

उद्घाटन व्हायच्या आधी परिसंवाद असा आटोपला, आणि चंद्रप्रकाशला वाटलं, जमलं. कॅंटीनमधून निरोप आला, स्टाफरूममध्ये पानं तयार आहेत. त्याच वेळी दारातून मार्तंडराव आत आले. सगळा हॉल उभा राहिला. भन्तेंच्या चीवरावर शाल घातली गेली, श्वेताबेननी तोडलेली फुलं नाकारल्यामुळे त्यांना पुस्तक दिलं गेलं, आणि मार्तंडरावांनी खिशातून भाषण काढलं.

भाषण चंद्रप्रकाशनेच लिहिलं होतं. अध्यक्ष स्टेजवर चष्मा लावत नसत म्हणून मोठ्या टायपात लिहिलं होतं, आणि अध्यक्षांना खूश करायचं होतं म्हणून लांब लिहिलं होतं. दहा साम्यं आणि दहा भेद. सात मार्कांना पुरून उरेल इतका मजकूर.

“दोन्ही धर्मांचे प्रवर्तक क्षत्रिय राजकुलात जन्मले,” मार्तंडराव वाचू लागले. “दोघांनीही संस्कृत बाजूला ठेवून लोकभाषेत उपदेश केला.” इथे त्यांनी कागद खाली ठेवला. “लोकभाषा. मी सुद्धा या संस्थेत पहिल्या दिवसापासून साध्या भाषेत बोलत आलो.” मग ते संस्थेच्या पहिल्या दिवसावर गेले. तिथून इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. साम्य तिसरं यायला बराच वेळ लागला.

चंद्रप्रकाश पडद्याच्या बाजूला उभा राहून भन्तेंकडे पाहत होता. भन्ते डोळे अर्धे मिटून बसले होते. भूक लागल्यावर माणूस असाच दिसतो, असं त्याला वाटलं. तृप्त माणूसही असाच दिसतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

“चिठ्ठी दे ना त्यांना,” नोएल कुजबुजला.

“माझं डिपार्टमेंट त्यांच्या हातात आहे, नोएल.”

“आणि म्हाताऱ्याचं जेवण तुझ्या. दे.”

चंद्रप्रकाशने चिठ्ठी लिहिली. मार्तंडरावांनी ती वाचली, मान डोलावली आणि माईककडे वळून म्हणाले, “आत्ताच सूचना आली आहे की भन्तेजींची जेवणाची वेळ होत आहे. त्यांचा आदर राखून मी थोडक्यात आटोपतं घेतो.” टाळ्या पडल्या. त्यांनी चिठ्ठी पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि आपण विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस मौन कसं पाळलं होतं ते सांगायला सुरुवात केली. मौनात त्यांना पुष्कळ काही सुचलं होतं.

घड्याळात बारा वाजले. चंद्रप्रकाशने खांब धरला.

श्वेताबेनना स्टेजवरून त्याचा चेहरा दिसत असावा. त्यांनी मोबाईलवर पच्चक्खाणाच्या वेळांचं ॲप उघडून त्याच्या दिशेने धरलं आणि हळूच म्हणाल्या, “सर, घड्याळाचे बारा नका बघू. सूर्याचा मध्यान्ह वेगळा. हे बघा, आजचं मुलुंडचं पुरिमड्ढ बारा बावन्न. तोवर मी खाऊ शकत नाही, म्हणजे तोवर भन्ते खाऊ शकतात.”

“बुद्धाच्या वेळी स्टॅंडर्ड टाइम कुठे होता,” नोएल म्हणाला. “बोनस मिळाला तुला.”

चंद्रप्रकाशच्या जिवात जीव आला. एका धर्माचं ॲप दुसऱ्या धर्माचं जेवण वाचवत होतं. हे अकरावं साम्य भाषणात नव्हतं. पण मिळालेला बोनस मार्तंडरावांनाही मिळाल्यासारखा झाला. ते आता भेदांवर आले होते.

“भेद चौथा,” ते वाचू लागले. “बौद्ध भिक्खू मध्यान्हानंतर अन्न ग्रहण करीत नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, हे लिहून घ्या. महत्त्वाचं आहे.”

दीडशे मुलांनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. मार्तंडराव एक घोट पाणी प्यायले. चिठ्ठी ग्लासाला चिकटून वर आली ती त्यांनी झटकली. “वेळेचं हे भान,” ते म्हणाले, “आज आपण गमावून बसलो आहोत. यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.”

बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. चंद्रप्रकाशने चोवीस वर्षांत अध्यक्षांच्या केबिनबाहेर चप्पलसुद्धा आवाज न करता काढली होती. तो स्टेजवर चढला, माईकजवळ गेला, आणि माईकने त्याचं बोलणं अख्ख्या हॉलला ऐकवलं.

“साहेब, आता थांबा. भन्तेंना जेवायचंय. उरलेले भेद मी वर्गात सांगेन.”

मग मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या आणि त्या पुढे आल्या. दिवसभरातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच होत्या. मार्तंडरावांनी कागद घडी करून खिशात ठेवले, अगदी शांतपणे, आणि माईक बंद करायला विसरून म्हणाले, “सर, सोमवारी केबिनमध्ये या. लॉजिस्टिक्सच्या लोकांना वर्ग दाखवायचाच आहे, तेव्हा किल्ली घेऊन या.”

तेही सगळ्या हॉलने ऐकलं. त्यावर मात्र टाळ्या पडल्या नाहीत.

चंद्रप्रकाश भन्तेंना घेऊन स्टाफरूमकडे जवळजवळ पळत निघाला. जाताना चोवीस वर्षं गेली ती गेली, असं त्याच्या मनात आलं, पण आतून त्याला हलकं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच भेद चौथा त्याने शिकवला नव्हता, पाळला होता. श्वेताबेन मोबाईल हातात धरून मागोमाग येत होत्या. “अजून वेळ आहे,” त्या म्हणत होत्या. “अजून पुष्कळ वेळ आहे.”

स्टाफरूममध्ये ताट मांडलेलं होतं. भिक्खू स्वतःहून उचलून खात नाहीत, त्यांच्या हाती द्यावं लागतं, हे चंद्रप्रकाशला पाठ होतं. त्याने ताट दोन्ही हातांनी उचललं आणि पुढे धरलं. वरण-भात, भाजी, दोन पोळ्या. वाफ अजून निघत होती.

भन्तेंनी ताटावर हात आडवा धरला.

“तुम्ही सबब फार छान काढलीत, सर,” ते म्हणाले. “मला वाटलं नव्हतं ते थांबतील.”

“सबब नव्हती, भन्ते. वेळ आहे अजून, बारा बावन्नपर्यंत. तुम्ही बसा ना.”

“नको. मी मानखुर्दहून जेवूनच निघालो,” भन्ते म्हणाले. “परिसंवाद असला की मी नेहमीच जेवून निघतो.”