चुंबळीवरची मुलाखत

मी एक जुनी चुंबळ आहे. माझ्या मधोमध भोक आहे आणि माझं सगळं कर्तृत्व त्या भोकाभोवतीच गुंडाळलेलं आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. डोक्यावरची घागर टोचू नये, डळमळू नये म्हणून बायका तिच्याखाली कापडाची गोल वळकटी ठेवतात ना, ती मी.

माझा जन्म सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. केशरबाईंनी फाटक्या पातळाच्या चिंध्यांना पीळ घातला, वरून त्याच पातळाचा हिरवा काठ घट्ट गुंडाळला आणि मी झाले. त्यांची करुणा तेव्हा पाळण्यात होती. म्हणजे आम्ही दोघी एका वयाच्या. तिला खेळायला खुळखुळा मिळाला, मला घागर.

विहीर गावाबाहेर होती. भरल्या घागरीखाली केशरबाईंची मान अशी ताठ असायची, की रस्त्यातल्या गाड्यांनी बाजूला व्हावं. करुणा मागे रेंगाळली तर त्या मान न वळवता ओरडायच्या, "चिंचा टाक खाली, चल." आईला डोक्याच्या मागेही डोळे आहेत, असं त्या लेकराला कितीतरी वर्षं वाटायचं. "केशरची चुंबळ हलत न्हाई," असं बाया म्हणायच्या आणि मी फुगायचे. चिंध्याच त्या, फुगायला काय लागतं?

मग अंगणात नळ आला. सगळ्यांना आनंद झाला आणि मला दाराआडचा खिळा मिळाला. उंदरांनी माझा काठ कुरतडला. कधी मी गरम पातेल्याखाली, कधी माठाखाली. पुढे कुणी तेवढंही विचारेना.

इकडे करुणा हिंगोलीला राहून रक्त तपासायचा कोर्स शिकून आली. नांदेडच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिला नोकरी हवी होती. मुलाखत मोबाईलवर, व्हिडिओ लावून. अशी एक मुलाखत तिने आधी दिली होती आणि तीत सगळा वेळ मान खाली घातली होती. तिकडच्या लोकांना तिचा भांग तेवढा दिसला. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. आता हीसुद्धा संधी गेली तर, या विचाराने ती दोन घास नीट जेवत नव्हती.

आदल्या दिवशी कनेरगाव नाक्याहून पेमाआत्या आली, पिशवीत आपली ठेवणीतली साडी घेऊन.

"आत्या, साडी काहून?" करुणाने विचारलं.

"मोठी मानसं पोरीला बघनार हाईत. मंग काय गाऊनवर बसतीस?"

आत्याने तिला साडी नेसवली, खुर्चीत बसवलं, पदर सारखा केला. "नजर खाली. इचारलं तेवढंच बोल. दात दाखवू नको." मग भावाला म्हणाली, "भीमराज, तू साहेब हो. इचार."

भीमराज समोर बसले, खाकरले. "नाव काय तुमचं?"

"करुणा भीमराज खिल्लारे."

"शिक्षण?"

ती सांगू लागली, पण आवाज पदराच्या आतच राहिला. भीमराजांचे प्रश्न तेवढ्यातच संपले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सैपाक येतो का?"

चुलीपाशी केशरबाईंचा हात भाकरीवरच थांबला. "तिला सून करून नेऊन राहिलेत का ते?"

"मंग काय इचारू?" भीमराज ओशाळले. "मी एकाच मुलाखतीला बसलेला हाय जन्मात. तुला बघायला आलो तवा."

आत्या आधी हसली, मग म्हणाली, "खरंच की केशर. पोरीला असंच बसवायचं, एवढंच येतं आपल्याला."

केशरबाई उठल्या. दाराआड आल्या आणि मला खिळ्यावरून काढलं. उंबऱ्यावर दोनदा आपटून माझी धूळ झाडली, करुणाच्या डोक्यावर ठेवलं आणि माझ्यावर भरलेली कळशी चढवली.

"आता बोल."

करुणा बोलायला लागली. सवयीने मान खाली गेली आणि पाणी थेट आत्याच्या साडीवर.

"माझी ठेवनीतली हाय ती," आत्या कळवळली.

"म्हून तर. जा गं, तुझा ड्रेस घालून ये. पुन्हा भर कळशी."

संध्याकाळपर्यंत हेच. पाणी सांडायचं, भीमराज पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. प्रश्न आता करुणानेच त्यांना पढवले होते. मी तिच्या केसांवर चिंब भिजले होते. किती वर्षांनी ओली झाले म्हणून सांगू, मित्रांनो! आणि मला वरून ऐकू येत होतं, मान वर राहिली की आवाजही गळ्यातून सुटतोय. शेवटी अख्खी मुलाखत झाली आणि थेंब पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र वेगळंच घडलं. घरात रेंज फक्त दाराशी. तिथं पिठाच्या डब्यावर मोबाईल उभा केला की घसरायचा आणि कॅमेऱ्यात छताचे पत्रे दिसायचे. केशरबाईंनी मला डब्यावर ठेवलं आणि माझ्या भोकात मोबाईल रोवला. तो हलला नाही. पण माझा जीव खालीवर झाला. मी इथं, मग तिच्या डोक्यावर कोण?

सुरुवात बरी झाली. मग मोबाईलमधल्या बाईंनी विचारलं, "पेशंटची नस सापडलीच नाही तर काय कराल?"

करुणा अडखळली. तिची हनुवटी खाली जाऊ लागली. माझ्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी केशरबाई उभ्या होत्या. त्यांनी पायाशी ठेवलेली भरली कळशी उचलली आणि तशीच, उघड्या डोक्यावर ठेवली. पितळेची कड माझ्याविना किती रुतते, ते मला ठाऊक आहे. त्या हलल्या नाहीत.

करुणाने आईकडे पाहिलं. मान वर आली.

"उगीच सारखी सुई टोचणार नाही, मॅडम. दुसरा हात बघीन. तिथंही नाही सापडली तर सिनियरांना बोलावीन. आणि पेशंटला सांगीन, की चूक तुमच्या हाताची नाही."

मोबाईल बंद झाला तशी आत्या आत आली. "पसंत पडली का?"

"ते उद्या सांगनार हाईत," करुणा म्हणाली. "ड्युटी किती तासांची, राहायची सोय काय, मी बी इचारून घेतलं. मला बी पसंत पडाय पायजेत ना ते."

आत्याने दोरीवर वाळलेली साडी काढली आणि घडी घालून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून होकार आला. बॅग भरताना करुणाने कपड्यांवर मला ठेवलं.

"तिथं नळ हाय घरात," केशरबाई म्हणाल्या. "चुंबळ काहून?"

"असू दे, आई," करुणा म्हणाली आणि चेन ओढली.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. घरातली जुनी चुंबळ चिंध्या म्हणून फेकण्याआधी एकदा डोक्यावर ठेवून बघा. वर कळशी ठेवा, भरलेली. आणि मग आपलं नाव सांगा.