सहा कड्या

"बाह्या चार बोटं आखूड करा, उस्ताद, आणि हे भोक बुजवा. इल्यास थोरल्यापेक्षा ठेंगणा आहे," म्हणत सालिहातने मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेलं कड्यांचं चिलखत रबादानच्या मांडीवर ठेवलं.

तिचा थोरला मुलगा अलीबेक शरद ऋतूत खिंडीतल्या लढाईत पडला होता. बरगडीखाली भाला घुसला होता. आता बर्फ वितळलं की खिंडीत जायची धाकट्याची पाळी होती.

रबादानने भोक चाचपलं. झिरेहगरान गावात घरटी कोणी ना कोणी चिलखताच्या कड्याच ओवायचं, पण नुसत्या बोटांनी चिलखत वाचणारा तो एकटाच. एकेक कडी त्याने नखाने फिरवून पाहिली, आणि त्याचा हात थांबला.

"काय झालं?" सालिहातने विचारलं.

"काही नाही. ठेवून जा."

ती गेल्यावर त्याची बायको आशूरा चुलीपाशी बसल्या बसल्याच म्हणाली, "तोंड का उतरलं तुमचं?"

"सहा कड्या निकामी झाल्यात. एकही तुटलेली नाही, आशूरा. सगळ्या उघडल्यात."

आशूराला समजावून सांगायची गरज नव्हती. कडी तुटली तर तो भाल्याचा जोर. कडी जोडावर उघडली तर तिची टोकं जोडणारा खिळा कडेला बसलेला, म्हणजे कारागिराचा दोष. दोन वर्षांपासून रबादानच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. हे चिलखत ओवतानाही कडीच्या टोकात खिळ्याचं भोक कुठे पडलं हे तो अंदाजानेच ठरवत होता. हे फक्त दोघांनाच ठाऊक होतं.

"भाल्यापुढे कशाचं काय टिकतं?" ती म्हणाली. "गप्प बसा. गावात कळलं तर आपल्या दारात कुत्रं फिरकणार नाही."

"आणि इल्यास?"

"ते भोक मी बुजवते. मला दिसतंय अजून."

"बाकीचं अंग कोणी ओवलंय? मीच ना."

तीन दिवस तो एकेक कडी टोचणीने उचकटून बघत राहिला. छातीवरच्याच एकोणीस कड्या सैल निघाल्या. चौथ्या दिवशी आशूराने चिलखत काढून घ्यायला हात लावला, तर त्याने तो हलकेच बाजूला सारला. चिलखत खांद्यावर टाकून, भिंत धरत धरत तो सालिहातकडे निघाला.

ती जात्यावर जव दळत होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला आणि जे होतं ते सांगून टाकलं. उघडलेल्या सहा कड्या तिच्या तळहातावर ठेवल्या.

सालिहातने एकेक कडी उलटून पाहिली.

"तुम्हाला दिसत नव्हतं, तर घेतलंत कशाला माझं काम?"

"वाटलं, हात चुकणार नाहीत."

"वाटलं," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात तिने विचारलं, "चांगल्या बसल्या असत्या, तर वाचला असता तो?"

रबादानला खोटं बोलता आलं असतं. "कदाचित," तो म्हणाला.

तिने मूठ मिटली. "जा तुम्ही. चिलखत बगांदच्या घरी टाका. तो करील."

बगांदही कड्यांचाच कारागीर. त्याने चिलखत जवळजवळ सगळंच उसवलं. तार कमी पडणार होती. रबादान तिथेच घुटमळत होता.

"तार मी ओढतो," तो म्हणाला. "त्याला डोळे लागत नाहीत."

"उस्ताद, ते गड्याचं काम आहे. तुम्ही चाळीस वर्षं..."

"पट्टा दे इकडे."

तारेचं टोक कमरेच्या पट्ट्याला अडकवून, लोखंडी पट्टीच्या भोकातून ती ओढून बारीक करत, मागे मागे रेलत त्याने सारा हिवाळा काढला. कंबर सोलवटली. गावात व्हायची ती कुजबुज झाली. आशूरा पाण्याला उशिरा, सगळ्या जणी येऊन गेल्यावर जाऊ लागली.

बर्फ वितळू लागलं त्या आठवड्यात सालिहात आली. बगांदने चिलखत तिच्या हातात दिलं. तिने जोड एकेक करून, सावकाश, नखाने तपासले. ती निघाली तेव्हा रबादानने ओढलेली तार तिच्या वाटेत, दारापर्यंत आडवी ताणलेली होती. तिची चाहूल ओळखून रबादान दोन पावलं पुढे सरकला आणि तार सैल करून जमिनीवर टेकवली.

ती तार ओलांडून गेली. कड्यांचा आवाज उतारावरून खाली जाईपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला. मग मागे सरकून त्याने पुन्हा ओढायला सुरुवात केली.