फाटकाला तेल घातलं, म्हणालो

जावयाचा फोन आला, "बाबा, टँक बुजवतोय. कुंपण काढून न्या." एवढंच. कसे आहात नाही, काही नाही. आठ महिन्यांत तो बोलणंच विसरलाय, आणि माझ्या लेकीशी तर अगदी मोजूनमापून.

ग्राइंडर घेऊन गेलो. ते कुंपण माझ्याच हातचं. तीस वर्षं मी हेच करतोय, घरामागच्या स्विमिंग टँकभोवतीची कुंपणं आणि फाटकं. गिऱ्हाइकं मला खडूस म्हणतात, म्हणू देत. कडी पोराच्या हाताला लागणार नाही इतकी उंच, जवळ खुर्ची-कुंडी नको, आणि स्प्रिंग अशी कडक की हात सोडला की फाटक आपोआप कडीत जाऊन बसलं पाहिजे. "काका, फार आपटतं हो, जरा सैल करा ना," म्हणणाऱ्या कितीजणांना मी उभ्या उभ्या झापलंय. आपटू दे, तो आवाज आला म्हणजे पोर सुखरूप, असं सुनवायचो. मोठा शहाणा!

ठमी, माझी नात, तेव्हा दोन वर्षांची. दुपारी कशीबशी झोपायची आणि नेमकं तिच्या खिडकीखाली ते फाटक धाडकन आपटायचं. की उठलीच भोकाड पसरून. लेक घरूनच ऑफिसचं काम करायची, झोपेवाचून डोळे सुजलेले. तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मलाच पाझर फुटला. पाना काढला आणि स्प्रिंग सैल केली. फाटक मऊ यायचं, कडीच्या चार बोटं अलीकडे थांबायचं. पुढच्या खेपेला बिनआवाजाची कडी आणून बसवू, असं ठरवलं. राहून गेलं हो.

"आवाज कसा गेला?" लेकीने विचारलं होतं.

"तेल घातलं," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तिने त्या फाटकावरची नजर काढली नसती.

त्यानंतर सोळाव्या दिवशी लेक दोन्ही हातांत ओले टॉवेल घेऊन टँककडून घरात आली. फाटक मागे सोडून दिलं, नेहमीसारखं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. ठमी उठून खाली गेलेली कुणाला कळलं नाही. फोन संपेपर्यंत सगळंच संपलं होतं.

"मी फाटक ओढून घेतलं नाही," हेच ती तेव्हापासून सांगतेय. डॉक्टरांना, नवऱ्याला, सासूला, मला. आणि मी, तिचा बाप, "असू दे गं, चुकून होतं" म्हणून पाठीवरून हात फिरवत राहिलो. लाज वाटते सांगायला.

परवा ग्राइंडर बिजागरीला टेकवला. ती एकदा कापली की स्प्रिंग भंगारात, मग कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. लेक माझ्यासाठी चहा घेऊन पायरीवर उभी होती. म्हणाली, "बाबा, मी नुसता एक हात मागे केला असता ना..."

मी मशीन बंद केलं.

"हात मागे करावाच लागत नाही, बाळा. ते आपोआप लागायला हवं होतं. तेल-बिल काही घातलं नव्हतं मी. स्प्रिंग सैल केली होती, ठमी झोपावी म्हणून."

तिने कप पायरीवर ठेवला. फाटकापाशी आली, उघडलं, हात सोडला. फाटक आलं आणि चार बोटं अलीकडे थांबलं. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. मला वाटलं, ओरडेल, मारेल. मारायलाच हवं होतं तिने मला.

"तुझ्या नवऱ्याला मी आजच सांगतो," मी म्हणालो.

तिचं लक्षच नव्हतं.

"दोन-दोन तास झोपायची हो ती त्या दिवसांत," ती म्हणाली. "आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते, बाबांनी नुसतं तेल घातलं आणि माझी ठमी झोपायला लागली."