खुंट्यावरचा हात

फरहीनने शेवटच्या पानावरच्या एका ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारली, तेव्हा अमिरुन्निसाने तुरीच्या शेंगा सोलणं थांबवलं.

"काय खोडलं?"

"काई नाई, अम्मी. कवितेतलं नाई ते. परदादांनी समासात काईतरी लिहून ठेवलं हाये."

"वाच."

फरहीनने मोबाइलवर जुन्या वहीच्या पानाचा फोटो मोठा केला. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर स्वच्छ होतं. "यहाँ औरतें हँसीं," तिने वाचलं. "घरात कोनी हसलं असन तवा. आता हे का छापाचं हाये?"

अमिरुन्निसा सुनेकडे पाहत राहिली. मांडीवरच्या दोन शेंगा खाली घरंगळल्या, त्या तिने उचलल्या नाहीत.

शुक्रवारी उरूस होता. कारंज्याच्या वेशीबाहेरच्या दर्ग्यातले पीर कवी होते. बायकांनी दळताना म्हणावा म्हणून त्यांनी चक्कीनामा रचला होता. त्यात रूह साईंना, म्हणजे जीव देवाला, बारा सवाल विचारतो. अमिरुन्निसाच्या सासरचे हे परदादा दर्ग्याचे मुजावर, म्हणजे सेवेकरी, होते. ते गावोगाव फिरले, बायका दळत असताना बाहेर ओट्यावर घराकडे पाठ करून बसले, आणि कानावर पडला तसा चक्कीनामा वहीत, बयाजमध्ये, उतरवून घेतला. तेव्हापासून घरातला एक पुरुष दर उरुसाला तो गातो. यंदा पहिल्यांदाच पुस्तिका निघणार होती. उर्दू शाळेत शिकवणारी फरहीन ती देवनागरीत उतरवत होती. मुखपृष्ठावर नाव होतं 'जुदाई'. संध्याकाळी पाचला छापखान्याला पानं द्यायची होती.

"फरहीन, हे अर्धं हाये," अमिरुन्निसा म्हणाली.

"काय अर्धं?"

"चक्कीनामा. सवाल हायेत. जवाब कुठी हायेत?"

फरहीनने पेनाचं टोपण लावलं. सासू असं पहिल्यांदा म्हणत नव्हती. अमिरुन्निसा लग्न होऊन आली त्या वर्षीच तिने हे आपल्या नवऱ्याला सांगितलं होतं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, लहानपणचं काहीतरी डोक्यात बसलंय तुझ्या. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली. मात्र दर उरुसाला बाराव्या सवालाच्या आधी अमिरुन्निसा पडद्यामागून उठायची आणि देगीवरचं झाकण बघायला जायची. सगळे रडायचे, तेव्हा ती भाताची वाफ तोंडावर घेत उभी असायची. त्रेपन्न वर्षं.

अशफाक दुपारी आला. तो तिच्या दिराचा मुलगा. गाद्यांचं दुकान होतं, त्यामुळे भुवयांतसुद्धा कापूस असायचा. आता मुजावर तोच होता, आणि चक्कीनामा गाणाराही तोच. त्याचा बारावा सवाल ऐकायला मालेगावहून माणसं यायची.

"चाची, बयाजमंदी जे हाये ते हाये," तो म्हणाला. "शंभर वर्षांपासून लोकं रडून राह्यले. ते का येडे व्हते?"

"रडनाऱ्याले येडं कोन म्हणते? म्या म्हटलं अर्धं हाये."

"मंग सांगा जवाब. एक सांगा. आत्ता लिहून टाकतो."

अमिरुन्निसाला एकही येत नव्हता. धनजच्या घरी आईने चक्कीनामा शिकवला तो दोघींना, तिला आणि शेजारच्या गोजराला. गोजरा तीन वर्षांनी मोठी. जो मोठा तो जात्यात घास टाकेल, असा आईचा नियम. धाकटीने खुंटा ओढत सवाल म्हणायचा, मोठीने मूठभर दाणे टाकायला वाकायचं आणि वाकल्या वाकल्या, जात्याच्या तोंडाशीच, जवाब म्हणायचा. सवाल अमिरुन्निसाच्या तोंडी बसले आणि जवाब गोजराच्या. तिला आठवत होतं ते एवढंच, की जवाब आला की दगड हलका व्हायचा.

"मले येत नाई," ती म्हणाली. "गोजराले येते."

"कोन गोजरा?"

"धनजची. जिती असन तं."

अशफाकने घड्याळ पाहिलं, मग फरहीनकडे पाहिलं. फरहीनने लाल रेघ त्याला दिसेल असं शेवटचं पान वर ठेवत पानं एकत्र करून त्यांवर पेन ठेवलं.

"पाच वाजेलोग," अशफाक म्हणाला. "त्याच्यानंतर छापाले जाईन."

मोटारसायकलवर बसायला अमिरुन्निसा तयार नव्हती, म्हणून ती आणि अशफाक एसटीने धनजला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगाला वेचलेल्या कपाशीची उभी झाडं होती. तिकीट हातात घट्ट धरून अमिरुन्निसा बाहेर बघत होती. गोजरा नसेल तर, हा विचार तिने बस सुटायच्या आधीच करून टाकला होता. दुसरा विचार जास्त जड होता. गोजरा असेल, आणि म्हणेल, कसले जवाब गं?

गोजराबाई होती. अंगणात बाजेवर बसून वाळवणातले खडे वेचत होती. तिने मान वर केली, डोळ्यांवर हात धरला.

"कोन वं?"

"मी अमीर."

गोजराबाईने हातातला खडा लांब भिरकावला.

"मेली का जिती हाये, ते पाहाले आली काय? का कारंज्याच्या गाडीले पन्नास वर्षं चाकंच नव्हते?"

"तुले यायला कोनी अडवलं व्हतं?"

"मले चार पोरं अडवत व्हते. बस इकडे. हा कोन? तुहा पोरगा?"

"पुतण्या. मुजावर हाये दर्ग्याचा."

"मंग त्याले चहा जास्त साखरेचा दे वं, वैभवी," गोजराबाईने आत नातसुनेला हाक दिली. "मुजावर लोकायले गोड लागते."

अशफाक लाजून हसला. अमिरुन्निसाने मात्र चहाची वाट पाहिली नाही. ती बाजेच्या कडेला टेकली आणि विचारलं, "गोजरा, चक्कीनामा याद हाये तुले?"

गोजराबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने स्वतःचं नाव आठवतं का असं विचारलं होतं.

"तूर भरडाले बसतो तं रोज म्हणतो. पन एकटीनं काय म्हणाचं? माह्याजवळ तं जवाबच हायेत. सवाल तू घेऊन गेल्ती."

अमिरुन्निसाचा हात आपोआप तोंडावर गेला. अशफाक वैभवीने आणून दिलेली चहाची बशी तशीच धरून उभा राहिला.

जातं माजघरात होतं. वैभवीने खाली फडकं अंथरलं, सुपात ज्वारी आणून ठेवली. अशफाक मात्र आत यायला तयार होईना. बायका दळतात तिथे आपण कसं बसायचं, म्हणून तो ओट्यावर खिडकीखाली बसला, आणि फोन रेकॉर्डिंगला लावून गजांत ठेवला. परदादांसारखीच त्याची पाठ घराकडे होती.

दोघी समोरासमोर बसल्या. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. अमिरुन्निसाचे खांदे सुरुवातीला दुखले, मग दगडाने चाल पकडली. तिने पहिला सवाल म्हटला.

*दाना मैं, तू पाट रे साईं, कबलग मुझको पीसेगा?*

गोजराबाई मूठभर ज्वारी घेऊन वाकली.

*जबलग तू अपने को दाना, मुझको पत्थर कहवेगा।*

खुंटा अमिरुन्निसाच्या हातातून निसटता निसटता राहिला. जवाब होता. शब्दाला शब्द होता. आणि दगड हलका झाला होता, अगदी तसाच. तिने दुसरा सवाल घेतला, तिसरा घेतला. दर वेळी गोजराबाई वाकली, दर वेळी घास पडला, दर वेळी जवाब आला.

"आयकलं काय, अशफाक?" तिने हात थांबवून हाक मारली.

बाहेरून आवाज आला. "आयकलं, चाची. बयाजमंदी हाये तेच."

"जवाब?"

"कोनता जवाब?"

त्याने खिडकीतून फोन आत धरला आणि लावला. अमिरुन्निसाचा आवाज स्वच्छ आला. दाना मैं, तू पाट रे साईं. त्यानंतर घरघर. नुसती घरघर. मग पुन्हा तिचाच सवाल, पुन्हा घरघर. तिन्ही सवाल तसेच.

अमिरुन्निसा फोनकडे पाहत राहिली. आत्ता, या कानांनी तिने ऐकलं होतं. का त्रेपन्न वर्षं ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं? तिने गोजराबाईकडे पाहिलं. गोजराबाई पदराने कपाळ पुसत होती.

"अरे मुजावर," गोजराबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "पंगत आत बसली अन् तू भाईर वास घेऊन राह्यला. त्यानं पोट भरते काय? ये आत. खुंट्याले हात लाव."

"मी?"

"नाई तं का तुहा फोन?"

अशफाक आत आला. चपला काढल्या होत्या, पण तरी तो फडक्याच्या कडेला पाय जपून ठेवत बसला. त्याने दोघी म्हाताऱ्यांच्या हातांच्या वर, खुंट्याच्या टोकाशी आपला हात ठेवला. फोन खिडकीतच राहिला.

"खाली वाक," गोजराबाई म्हणाली. "मान ताठ ठेवून नाई आयकू येत."

जातं फिरलं. अमिरुन्निसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या जवाबाला अशफाकची मान वाकलेलीच राहिली. दुसऱ्याला त्याच्या हाताचा जोर गेला, नुसता हात खुंट्यावर फिरत राहिला. पाचव्या सवालाला अमिरुन्निसाने विचारलं,

*दूर बसे तू, ऊँचे बसे तू, किस रस्ते मैं आऊँ जी?*

आणि दगडाच्या पोटातून यावं तसं खालून आलं,

*खूँटे पर जो हात है तेरा, उसमें हात मिलाऊँ जी।*

अशफाकने खुंट्यावरच्या तीन हातांकडे पाहिलं. हा सवाल त्याने आजवर वीस उरुसांत गायला होता. गाताना तो नेहमी वर आभाळाकडे बघायचा.

सुपातली ज्वारी कमी होत गेली. अकरावा झाला. अमिरुन्निसाने बारावा उचलला, तेव्हा सुपात दाणा उरला नव्हता.

*आटा हुई मैं, नाम न मेरा, अब तू किसको बोलेगा?*

गोजराबाई वाकली नाही. टाकायला घासच नव्हता. जातं दोन फेरे रिकामं फिरलं, मग तिने तळव्याने ते थांबवलं. घरघर बंद झाली. माजघरात एवढं शांत झालं, की बाहेर वैभवी भांडं घासत होती ते ऐकू आलं.

अमिरुन्निसाने खुंटा घट्ट धरला. इथेच सगळे रडतात. इथेच ती उठून देगीकडे जाते. बाराव्याला जवाब नाही, हे मग खरंच होतं.

गोजराबाईने दुसराही हात खुंट्यावर ठेवला आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वाट पाहावी तसं. तिच्या उरलेल्या चार दातांत हसू दबलेलं होतं. ते पाहिलं आणि अमिरुन्निसाच्या तोंडात ओळ आली. शोधावी लागली नाही. दोघींचं तोंड एकदमच उघडलं.

*किन्ने पूछा, किन्ने बोला, चक्की भी ना जाने जी!*

आणि दोघी हसल्या. आधी गोजराबाई, का आधी अमिरुन्निसा, सांगता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एकमेकींचे हात न सोडता, पोरी हसतात तशा हसल्या. आई असंच हसायची, अमिरुन्निसाला आठवलं. दळण संपलं की शेवटची ओळ म्हणून तिघी हसायच्या, आणि बाहेरच्याला वाटायचं, काम झालं, बायकांच्या गप्पा सुरू झाल्या.

अशफाक हसला नाही, रडलाही नाही. त्याने जात्याभोवती साचलेल्या पिठावरून बोटं फिरवली. मग पिठाचा हात तसाच ठेवून, डाव्या हाताने त्याने खिडकीतला फोन काढला.

"फरहीनभाभी, छापखान्यात गेले का पानं? ... नाई ना? मंग आयका. ते समासातलं तुमी खोडलं व्हतं ना, ते. ते खोडू नका. कवितेतलंच हाये ते. हाव, शेवटी. मोठ्या अक्षरात. अन् मुखपृष्ठ थांबवा. नाव चुकलं."

"मंग काय ठेवू?" पलीकडून फरहीनने विचारलं. "अन् जवाब? ते सांगता का, लिहून घेतो."

अशफाकने अमिरुन्निसाकडे पाहिलं. ती गोजराबाईच्या पदराने आपले डोळे पुसत होती.

"जवाबाची जागा रिकामी सोडा," तो म्हणाला. "नाव चाचीले विचारून सांगतो."

शुक्रवारी दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर, दर्ग्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तिका हातोहात गेल्या होत्या. मुखपृष्ठावर 'मिलाप' हे नाव पाहून दोघा-तिघांनी भुवया उंचावल्या. आत प्रत्येक सवालाखाली एक ओळ कोरी होती, ती छापायची राहिली असं काहींना वाटलं. पडद्यामागून घरघर येत होती. सकाळी धनजहून ट्रॅक्टरमध्ये गोजराबाईसोबत तिचं जातं आलं, हे फार थोड्यांना माहीत होतं. त्याच्याभोवती बायका दाटीने बसल्या होत्या आणि एकेक जण पुढे सरकून खुंट्याला हात लावत होती. वाकलेली मान वर यायची, तेव्हा चेहरा वेगळाच असायचा.

अशफाक प्रत्येक सवालानंतर थांबत होता. गाणं विसरला की काय, असं पुढच्या रांगेतल्यांना वाटलं. त्याचं तोंड आज आभाळाकडे नव्हतं.

त्याने बारावा सवाल घेतला. सवयीने रुमाल निघाले. भटारखान्यात कुणीतरी देगीवरचं झाकण खाली ठेवलं, त्याचा आवाज झाला. अमिरुन्निसा जागची उठली नाही.

घरघर थांबली. दोन म्हाताऱ्या आवाजांत एक ओळ सगळ्या आवारावरून गेली, आणि तिच्या मागोमाग हसू. दोघींचं, मग पडद्यामागच्या सगळ्यांचं.

मालेगावहून आलेला एक म्हातारा डोळ्यांपाशी नेलेला रुमाल तसाच धरून बसला होता. त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून मोठ्या अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने ती वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग रुमालाची नीट घडी केली आणि खिशात ठेवून दिली.