देवाला दिलेली पहिली पत्रिका

मित्रांनो, माझ्यावर छापलेली तारीख उलटून नऊ वर्षं झाली. मी एक जुनी लग्नपत्रिका आहे, आणि सध्या मी ठाण्याच्या कोर्टात एका फाइलीत राहते.

माझा जन्म भाईंदरच्या छापखान्यात झाला. माझ्याबरोबर पाचशे बहिणी जन्मल्या. सगळ्यांच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत ‘श्री एकवीरा आई प्रसन्न’, खाली ‘चि. निकेत’ आणि ‘चि. सौ. कां. रुचिता’. अगदी तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि पुतण्या प्रणितचं नाव. प्रणित तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्याला बोलता येत नव्हतं, पण आमच्यावर तो बोलत होता.

आमचा गठ्ठा मुर्ध्याला निकेतच्या घरी आला. त्याची आई गोदूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं हात धुतले, गठ्ठा सोडला. सगळ्यात वर मीच होते. तिनं मला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवता ठेवता गायली,

“पयली पत्रिका गो एकवीरा आयला,
दुसरी पत्रिका गो दर्याच्या पायाला.”

“अगो, दर्याला वाचून कोन दावील?” शेजारच्या शालूनं विचारलं.

“तो न वाचताच येतो दारात. तुझ्यासारका!”

केवढ्या हसल्या दोघी! माझ्या बहिणी घरोघर गेल्या आणि लग्न होताच कुठेकुठे हरवल्या. मी मात्र देवाची झाले. मला तिथून कुणी हलवलं नाही.

लग्न लागलं. आमच्याकडे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण असते. तिच्या गाण्यात रुचिता या घरची झाली. नोंदणीचा फॉर्म तेवढा आणायचा राहिला. ‘उद्या आणू’ म्हणता म्हणता तो उद्या कधी आलाच नाही. फॉर्म कशाला हवा? अख्खं गाव जेवून गेलं होतं!

पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. रोज सकाळी रुचिता देव्हारा पुसायची आणि मला हळूच उचलून परत ठेवायची. मग निकेत मोठ्या जहाजावर नोकरीला लागला. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. घरी यायचा तेव्हा जरा पाहुण्यासारखाच असायचा. एकदा रुचितानं त्याच्या हातात चहा दिला आणि तो ‘थँक यू’ म्हणाला. त्या दिवशी ती देव्हाऱ्यासमोर बसून खूप रडली. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. हे भांडण नव्हतंच, मित्रांनो. दोघांमधलं बोलणं थोडं थोडं आटत गेलं, इतकंच.

शेवटी एका दुपारी गावातली चार मोठी माणसं ओटीवर बसली. टायपिंगवाला दिपेश स्टँपपेपर घेऊन आला. त्यावर सोडचिठ्ठी लिहिलेली होती.

“काका, एकदम पक्का काम! नोटरीचा शिक्का बघा ना.”

दोघांनी सह्या केल्या. जाताना रुचितानं देव्हारा पुसला आणि ती मोरव्याला माहेरी गेली. त्यानंतर मला कुणी उचललं नाही. माझ्यावर धूळ बसली, उदबत्तीची राख पडली. एका कोपऱ्याला वाळवी लागली.

दोन वर्षांनी ती पुन्हा दारात उभी राहिली.

“आई, कागदपत्रांवर माहेरचं नाव परत लावायला गेलते मी. ते म्हणाले, कोर्टाचा हुकूम आणा. मग वकिलांकडे गेले. ती सोडचिठ्ठी चालत न्हाय म्हनतात. कायद्यानं घटस्फोट झालेलाच न्हाय.”

गोदूबाईच्या हातातलं सूप थांबलं.

“मंग? तू अजून माझी सून हाय?”

“कायद्यानं... हाय.”

“मंग भायेर काय उभी? आत ये. चा टाकते.” म्हातारीचा आवाज एकदम कोवळा झाला. देव्हाऱ्यात मलाही आशा वाटू लागली.

रुचिता उंबऱ्यावरून हलली नाही. “आई, कोर्टात लग्नाचा पुरावा द्यायचाय. नोंदणी न्हाय ना आपली. लग्नाचा फोटो हाय माज्याकडं. पत्रिका पन पायजे.”

गोदूबाईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “ती मी देवाला दिलेली हाय. मला नको विचारू. देवाकडून मागून घे.”

रुचितानं हात जोडले. मला उचललं, पदरानं पुसलं. दोन वर्षांनी तोच हात! पण या वेळी परत ठेवायला नव्हता.

तिनं मला भाईंदरला वकीलबाईंकडे नेलं. मनोरमाबाई त्यांचं नाव. त्याआधी रुचिता दोन वकिलांकडे जाऊन आली होती. एक म्हणाला, “नवऱ्यावर काय काय आरोप लावता येतील, ते सांगा.” ती उठून आली. दुसऱ्यानं मान वर न करताच तारीख दिली. मनोरमाबाईंनी आधी विचारलं, “पाणी घेतेस?” मग विचारलं, “तुला नक्की काय हवंय?” म्हणून ती तिथे थांबली.

त्या दिवशी निकेतही आला होता. दोन खुर्च्यांवर दोघं, आणि टेबलावर मी.

“नीट ऐका,” बाई म्हणाल्या. “वर्षाहून जास्त वेगळे राहताय, म्हणून दोघांच्या संमतीनं अर्ज करता येईल. अर्जावर दोघांच्या सह्या. कोर्ट तुमच्याशी बोलेल, मग विचार करायला साधारण सहा महिने देईल. पुन्हा बोलावून विचारेल. दोघंही ‘हो’ म्हणालात, तरच हुकूम होतो.”

“आणि कुनी ‘न्हाय’ म्हनालं तर?” रुचितानं विचारलं.

“तर नाही होत. तुमच्यातल्या कुणालाही मागे फिरता येतं.”

निकेतनं तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती.

दोघांनी अर्जावर सह्या केल्या. ते सहा महिने मी बाईंच्या फाइलीत आशेवर काढले. गोदूबाईही काढत होती. रुचिता एकदा एकटीच बाईंकडे आली तेव्हा म्हणाली, “सासूबाई रोज फोन करतात. काय बोलत न्हायत. जेवलीस का, एवढंच विचारतात.” जरा थांबून तिनं विचारलं, “मॅडम, मागं फिरायचं असेल तर कुठं सही लागते?”

“सही नाही लागत गं. फक्त बोलायचं.”

ती मान हलवून गेली. मित्रांनो, मला वाटलं, आता बोलेल!

तारीख आली. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, “स्वखुशीनं वेगळे होताय ना? कुणाचा दबाव नाही?”

निकेतनं ओठ उघडले, मिटले. रुचिता त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो हलकेच म्हणाला, “तू बोल आधी.”

“तू बोल ना,” ती म्हणाली.

न्यायाधीशांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं. मागे पुढच्या प्रकरणाची माणसं उभी होती. रुचितानं मान खाली घातली. “हो.” मग तोही म्हणाला, “हो.”

कारकुनानं मला उलटं करून लाल शाईनं काहीतरी लिहिलं. दाराशी थांबलेल्या गोदूबाईनं विचारलं, “माझी पत्रिका?”

मनोरमाबाई म्हणाल्या, “ती आता कोर्टात निशाणी सात आहे, आजी. पुराव्याच्या कागदाला इथे निशाणी म्हणतात. अर्ज केला तर परत मिळेल.”

“निशाणी,” गोदूबाई पुटपुटली. “मंग ऱ्हाऊ द्या तिथंच.” आणि तिनं रुचिताचा हात धरला. दोघी जिना उतरून गेल्या. निकेत मागे उभा राहिला.

मित्रांनो, मी कागद आहे. माझ्यावर जे छापलं, तेवढंच मला सांगता येतं. त्या दिवशी मला तोंड असतं, तर मी ओरडले असते. तुम्हाला तोंड आहे. ज्याच्याशी बोलायचं राहिलंय त्याच्याशी आजच बोला. त्यानं आधी बोलावं म्हणून वाट पाहू नका. तोही तुमचीच वाट पाहत असतो.