उलटून बघायचं नाही

घाटातून स्केट्सवर शर्यत लावून उतरण्याआधी दोघांनी आपापला जोडा एकमेकांच्या हातात द्यायचा, असा या उतरणाऱ्या लोकांचा रिवाज आहे. समोरच्यानं चाकं फिरवून बघायची, स्वतःच्या पान्यानं नट आवळायचे आणि काहीतरी खोड काढून जोडा परत करायचा. खोड काढायचीच, टोमण्याशिवाय परत आलेला जोडा अपशकुनी समजतात. आणि मालकानं तो उलटून बघायचा नाही, सरळ पायात घालायचा. उलटून बघणारा घाबरला, म्हणजे उतरण्याआधीच हरला.

हे सगळं मला लग्नानंतर कळलं. बद्रीनाथ, माझा नवरा, वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. जोड्याखालच्या लोखंडी पट्ट्या त्यानं तिथं सुट्टी झाल्यावर कापल्या. चाकं मात्र घरीच प्लास्टिक वितळवून साच्यात ओतली. त्या वासानं आमची लहानगी रेवा रात्रभर खोकत होती. हातमोज्यांच्या तळव्याला चिकटवायला त्यानं माझा भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट गोल गोल कापला. वळणावर तो तळवा डांबराला टेकवून हे लोक अंग वळवतात. गेल्या खेपेला शहागंजातला सायकल दुकानदार नूरमोहम्मद जिंकला होता. तेव्हापासून बद्रीनाथ जेवतानासुद्धा खांदा तिरपा करून वळणं घ्यायचा.

रविवारी सकाळी आम्ही दौलताबादच्या पुढच्या घाटात माथ्यावर पोचलो. मोठे दीर, काकासाहेब, उतरणाऱ्या दोघांच्या मागून जीप आणणार होते. रेवाला घेऊन मी त्यातच बसणार होते. घरी थांबले असते तर जीव थाऱ्यावर राहिला नसता.

जोडे बदलले. बद्रीनाथनं नूरमोहम्मदच्या जोड्याचा टाचेचा ब्रेक हुंगला.

"काय रे, म्हशीच्या पाठीवरून काढला का हा? वास मारतोय."

"भैंस तेरे से तेज उतरती, बद्री."

दोघं हसले. मीही हसले असेन. मग नूरमोहम्मदनं बद्रीनाथचं मागचं चाक फिरवलं आणि थांबवलं. पुन्हा फिरवलं. अंगठ्यानं दाबून बघितलं. त्याचं हसू गेलं.

"बद्रीभाई, चाकाला तडा हाय. आतून. आज नक्को उतरू."

"झाली का सुरुवात?" बद्रीनाथ म्हणाला. "दुसरी खोड नाय घावली व्हय?"

"मजाक नही करतूं. मेरी बच्ची की कसम."

काकासाहेब खाली वळणावर गाड्या अडवणाऱ्या सांडू नावाच्या पोराशी फोनवर बोलत होते. ऐकणारी मीच.

"अहो, एकदा बघा ना," मी म्हणाले.

"तू गाडीत बस."

त्यानं जोडा हातात घेतला, तळ खालीच ठेवून पाय आत घातला आणि पट्टे आवळले.

दोघं सुटले. जीपचा काटा साठच्या पुढं गेला तरी अंतर वाढतच होतं. रेवाला मी पोटाशी आवळली होती. पहिल्या वळणावर दोघांचेही तळवे डांबराला लागले, जळक्या प्लास्टिकचा वास जीपमध्ये आला. मग नूरमोहम्मद पुढं निघाला आणि चक्क रस्ता अडवायला लागला. बद्रीनाथ डावीकडं गेला की हा डावीकडं, उजवीकडं गेला की हा उजवीकडं. मधूनच ब्रेक रस्त्यावर घासून वेग कमी करायचा.

"रडीचा डाव खेळतोय भडवा!" काकासाहेबांनी हॉर्न दाबून धरला.

मला दिसत होतं तो काय करतोय. तो त्याला थांबवत होता.

बद्रीनाथनं त्याच्या पाठीला ढोसणी दिली. नूरमोहम्मदनं वळून त्याचं मनगट पकडलं. दोघं तसेच, एकमेकांना धरून, वळणात शिरले. बद्रीनाथनं हिसका दिला, हात सुटला, तो आतल्या बाजूनं पुढं निघाला, आणि चाक गेलं. आवाज फार मोठा नव्हता. तो आडवा होऊन घसरत दगडी कठड्यावर आदळला. त्याला धरायला झेपावलेला नूरमोहम्मदही मागून तिथंच जाऊन पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बद्रीनाथचा गुडघ्याखालचा पाय राहणार नाही असं सांगितलं. बद्रीनाथ डोळे मिटून पडला होता. काकासाहेब खाटेजवळच फोनवर पोरं गोळा करत होते.

"शेवटचा हात त्याचाच लागला चाकाला. नट ढिला केला त्यानं. चला, दुकान कुठंय ठाऊक हाय मला."

"दादा, त्यानं सांगितलं होतं," मी म्हणाले. "तडा आहे, उतरू नको म्हणाला. माझ्यासमोर. रस्ताही त्यासाठीच अडवत होता."

"तुला काय कळतं गं त्यातलं? पुस्तकं वाचून चाकं कळतात व्हय?"

"म्हणला व्हता तो," खाटेवरून आवाज आला.

आम्ही दोघंही वळलो. बद्रीनाथचे डोळे उघडे होते.

"तुला मस्करी वाटली," काकासाहेब म्हणाले.

"नाय. खरं बोलतोय हे कळलं व्हतं मला. पोरीची शपथ कोण उगं घेतंय."

"मग?" मी विचारलं.

"उलटून बघितलं असतं तर तिथंच हरलो असतो ना."

काकासाहेबांनी फोन बंद केला आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. रेवा बापाकडं झेपावत होती, दोन्ही हात पुढं करून. मी तिला घट्ट धरलं आणि नूरमोहम्मदला कुठल्या वॉर्डात ठेवलंय ते विचारायला बाहेर पडले.